आग न पाहिलेलं पाणी

गास, १८ ऑगस्ट

ज्युलिएट बाय,

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून टाकलंयस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. आत तुझ्या लेकीची खबर आहे.

आधी तुझी. अँजिओप्लास्टी नीट झाली, घरी सोडलं, एवढं तुझ्या लेकाने, एरॉलने, बेंगळुरूहून फेबियनला कळवलं. तुझा भाऊ दोन दिवस धड जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी मागची सगळी कसर भरून काढली. मी आल्तारापुढे मेणबत्ती लावली. तुला आवडणार नाही, पण लावली.

इकडे यंदा कावीळ फार. पाचूबंदरला पाण्याची लाइन कुठेतरी फुटली म्हणतात, तेव्हापासून तिथे घराआड एक माणूस पिवळा. सोपाऱ्याच्या चाळींतूनही आपल्या औषधाला रिक्षा भरून येतात. जुलैअखेरचा पाऊस तर विचारू नकोस. वाडीत गुडघाभर पाणी, विहिरीचा काठ दिसत नव्हता. त्या रविवारीसुद्धा लोक पाण्यातून चालत आले. पहाटे आपल्या अंगणात जेवढी रांग असते तेवढी मिस्साला नसते. फादर हसत म्हणाले, "कार्मिनबाई, तुमची माणसं जरा आमच्याकडे वळवा." मी म्हटलं, "फादर, फुकट तर तुम्हीही देता, मग लोक का येत नाहीत ते तुम्हीच बघा."

लहानपणापासून पाहिलेली औषधाची रीत तू विसरली असशील म्हणून लिहिते. विसरली नसशील तर माझ्या चुका काढ, तेवढंच आपलं बोलणं होईल. रविवारी सूर्य उगवायच्या आत, उपाशीपोटी. मुळी पाट्यावर उगाळायची. पाणी आपल्याच विहिरीचं, त्या दिवशी पहिलं काढलेलं आणि आग न पाहिलेलं, कारण उकळलेल्या पाण्यात गुण उतरत नाही. रोग्याला पेलाभर. त्याला घेऊन आलेल्या सोबत्याला त्याच पाण्याचा एक घोट, म्हणजे कावीळ त्याच्या पाठीवर बसून परत घरी जात नाही. पैसा घ्यायचा नाही. केळी, फुलं, मेणबत्ती चालते. आहे ना बरोबर? तुझ्या आईने जशी सांगितली तशी शब्दाला शब्द.

हो, मला सांगितली. तुला नाही. लेक दुसऱ्या घरी जाते, औषध घरात राहतं, हा त्यांचा हिशोब. मी मागितलं नव्हतं. मला तेव्हा पाटा उचलताना सुद्धा धाप लागायची. तू मात्र आईच्या मयतीचं जेवण टाकून गेलीस ती गेलीस, आणि या इतक्या वर्षांत तुझ्या भावाच्या केसांचा रंग बदलला तो तू पाहिला नाहीस. म्हणजे केसच फारसे राहिले नाहीत, पण जे आहेत ते पांढरे आहेत.

आता तुझी लेक. गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी ब्रिटनी पाचूबंदरहून नवऱ्याला, क्लेटनला घेऊन आली होती. त्याला कावीळ झालीय. डॉक्टरने रक्त तपासून 'हेपॅटायटिस ई' म्हणून सांगितलं. आराम कर, पाणी उकळून पी, आपोआप उतरेल म्हणाला. आपोआप उतरणार असेल तर डॉक्टरची फी कशाला? क्लेटनच्या आईलाही ते पटलं नाही. रोझलीन जन्मभर मासे सुकवत आली, नुसतं पडून राहिल्याने काही बरं होतं यावर तिचा विश्वास नाही. म्हणाली, "पिवला हलदीवानी झाला पोरगा, आनि डॉक्टर म्हनतो झोप." तिनेच दोघांना माझ्याकडे पाठवलं.

ब्रिटनीला सहावा लागलाय. चेहरा भरलाय, चालताना मागे रेलते, अगदी तू एरॉलच्या वेळी चालायचीस तशी. मी सगळं रीतीने केलं, काहीही चुकवलं नाही. जाताना म्हणाली, "मामी, आईला सांगू नकोस हं मी इथे आले ते." सांगत नाहीये. लिहून कळवतेय.

तब्येतीला जप. जिने चढू नकोस.

तुला आवडो न आवडो, तुझी वहिनी,
कार्मिन


गास, २४ सप्टेंबर

ज्युलिएट बाय,

उत्तर आलं नाही म्हणजे पत्र मिळालं. नाहीतर परत आलं असतं.

इकडे सगळं छान आहे. राजेळी केळीला घड चांगले लागलेत, उन्हात वाळवून सुकेळी करीन म्हणते. मोगरा संपला. फेबियन कालपासून वसईच्या फेऱ्या मारतोय, वाडीसाठी पाइप बघायला. हल्ली पाइप फार महाग झालेत, त्यामुळे एका दिवसात ठरत नाही.

ब्रिटनीचा फोन लागला नाही तर घाबरू नकोस. तो पाण्यात पडला. दुरुस्तीला दिलाय. ऑक्टोबरात ती बाळंतपणाला तुझ्याकडे यायची होती ना, ते जरा पुढे जाईल असं दिसतंय. शाळेत परीक्षा आहेत आणि तिच्या वर्गाला दुसरी बाई मिळत नाही. तू एरॉलला तिकीट रद्द करायला सांग. घाई काही नाही.

रविवारचं औषध सध्या बंद ठेवलंय. माझी कंबर धरलीय.

तुमच्याकडे पाणी उकळून पितात ना? सहज विचारलं.

कार्मिन


गास, २७ सप्टेंबर

ज्युलिएट बाय,

मंगळवारचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. फोन पाण्यात पडला नाही. माझी कंबर ठणठणीत आहे. तुझा भाऊ पाइप बघायला जात नाही, हॉस्पिटलात जातो.

ब्रिटनीला कावीळ झालीय. सोमवारी सकाळी आरशात डोळे पिवळे दिसले, दुपारी तिला वसईत दाखल केलं. सातवा संपत आलाय. एरॉलने फोनवर, ब्रिटनी आणि क्लेटनने हॉस्पिटलात, तिघांनी मला देवाची शपथ घ्यायला लावली की तुझ्या हृदयाचं बघता तुला एक अक्षर कळवायचं नाही. मी शपथ घेतली. आज मोडतेय. फादरना मी नंतर सांगीन.

मला लेकरू नाही, म्हणून आईला काय सांगावं आणि काय सांगू नये हे मला कळत नाही म्हणतात. कळत नसेल. पण माझी लेक सलाइन लावून पडली असती आणि सगळं जग मला पाइपाच्या गोष्टी सांगत राहिलं असतं, तर मी त्या जगाला सोडलं नसतं. तूही सोडणार नाहीस, मी तुला ओळखते.

तिथल्या डॉक्टर मॅडम सांगतात ते जसंच्या तसं लिहिते, कमी-जास्त करत नाही. ही कावीळ घाण मिसळलेल्या पाण्यातून होते. बाकी लोकांची काही आठवड्यांत उतरते, क्लेटनची उतरली तशी. पण पोटुशी बाई शेवटच्या महिन्यांत असेल तर तिचं लिव्हर एकाएकी काम सोडू शकतं. आई आणि बाळ दोघांनाही धोका. याच्यावर नेमकं असं औषध नाही. लक्ष ठेवायचं, रोज रक्त तपासायचं. ती गुंगायला लागली, काहीबाही बरळली, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच क्षणी मुंबईला हलवायचं. ॲम्ब्युलन्सवाल्याशी क्लेटनने बोलून ठेवलंय.

आज संध्याकाळपर्यंत यातलं काही झालेलं नाही. ती शुद्धीत आहे आणि चिडचिड करतेय. नर्सला म्हणाली, तुमची पेज आमच्या मांजरीनेही खाल्ली नसती. ते ऐकून तुझा भाऊ बाहेर येऊन माझ्याकडे बघून हसला, आणि मग जिन्यात जाऊन बसला.

हे सगळं पाचूबंदरच्या पाण्याने झालं. तिथली लाइनच खराब. रोझलीन सुद्धा कबूल करते, "पानी तर आमी सगल्यांनी तेच पिलं." तेव्हा पाचूबंदरचंच पाणी, दुसरं काही नाही.

ये म्हणत नाही, तुझं ऑपरेशन ताजं आहे. नको येऊस असंही म्हणत नाही. स्पीड पोस्टने पाठवतेय. पोस्टमन येतो तेव्हा एरॉल ऑफिसात असतो, एवढं मला ठाऊक आहे.

कार्मिन


गास, स्वयंपाकघर, ६ ऑक्टोबर

ज्युलिएट बाय,

या वेळी पोस्टाचा खर्च वाचला. पत्र तुझ्या चहाच्या बशीखाली ठेवतेय. मागच्या खोलीपर्यंत पोचायला फेबियनला वीस पावलंही लागत नाहीत.

गुरुवारी तू आलीस. एरॉल मागून बॅगा घेऊन, तोंड एवढंसं करून. तू फेबियनच्या गळ्यात पडून रडलीस, मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "फेबियन, हिला सांग, मला चहात साखर नको." तेव्हापासून हेच चाललंय. मी तुझ्यासमोर वाढत असते आणि तू भावाला सांगतेस, हिला सांग आमटी तिखट आहे. तो बिचारा दोन वाड्यांमधल्या कुंपणासारखा मधे उभा. काल त्याने मला विचारलं, "तुम्ही दोघी भांडत का नाही सरळ? मला जरा बसता येईल."

राग आहे तर असू दे. तू आलीस, तू तिच्या उशाशी बसतेस, तिच्या हाताला धरून माळ म्हणतेस. काल तिने अर्धी वाटी पेज खाल्ली ती तुझ्यासाठी. मला एवढं पुरे आहे. खरं सांगते, एवढ्या काळजीतही सकाळी मागच्या खोलीतून तुझं खोकणं ऐकलं की मला बरं वाटतं. हे घर तुझ्याशिवाय फार गप्प झालं होतं.

पण तू ज्यासाठी रागावली आहेस ते जुनं झालं. नवीन कारण तुला ठाऊकच नाही. ते मी स्पीड पोस्टात लिहिलं नव्हतं. तोंडाने सांगायला तू उभी करत नाहीस, म्हणून पुन्हा कागद.

क्लेटनला औषध दिलं त्या दिवशी सोबती ब्रिटनी होती. मी तिच्यापुढे पेला धरला. ती म्हणाली, "मामी, मी पण?" मी म्हटलं, "रीत आहे, पी." आणि दोन जिवांची म्हणून तिला दोन घोट दिले. माझ्या हाताने. ती कडू काही पिताना नाक मुरडते तसं मुरडून प्यायली, आणि मी तिच्या गालाचा मुका घेतला.

तेव्हा मनात काही आलं नाही. सप्टेंबरात रांगेत ओळखीचे चेहरे दिसायला लागले. नाव मी विसरते, चेहरा विसरत नाही. वसईच्या होळी बाजारातला एक भाजीवाला डोळे पिवळे घेऊन आला. मी म्हटलं, तुम्ही मागे येऊन गेलात ना? तो म्हणाला, तेव्हा भावाला घेऊन आलो होतो, भाऊ बरा आहे. त्याच्या मागची बाई म्हणाली, मीही सासूला घेऊन आले होते. तिच्या मागच्याने मान डोलावली. ज्युलिएट बाय, आजारी परत आले नव्हते. सोबती आले होते. मी हातातला पेला पाट्यावर पालथा घातला. कंबर धरली म्हणून सगळ्यांना परत पाठवलं. तो रविवार. सोमवारी ब्रिटनीचे डोळे पिवळे झाले.

मंगळवारी मी आरोग्य केंद्रात गेले. तिथे डॉक्टर प्रिन्सी आहे, होळीचीच पोर, चष्म्याची. तिला सगळं सांगितलं. त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी नेलं. मागे जी नवी बिल्डिंग झाली तिची संडासाची टाकी झिरपतेय, आणि त्या पावसात ती सरळ आपल्या विहिरीत आली होती. पाणी दिसायला काचेसारखं. मी त्यात मुळी उगाळून लोकांना पाजत होते, आणि आग दाखवत नव्हते, गुण जाईल म्हणून.

आम्हा दोघांना कसं काही झालं नाही? आम्ही पिण्याचं पाणी फिल्टरचं घेतो. तुझ्या भावाने तीन वर्षांपूर्वी मशीन बसवलं. विहिरीचं कच्चं पाणी या घरात फक्त औषधाला जायचं.

प्रिन्सी म्हणते, ब्रिटनीला पाचूबंदरच्या पाण्याने झालं की इथल्या, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. भली मुलगी आहे. पण होळीचा भाजीवाला पाचूबंदरचं पाणी पीत नव्हता.

मी तिला विचारलं, मग मुळीचं काय? ती म्हणाली, "काकी, बहुतेकांची कावीळ आपली आपणच उतरते. मुळीने उतरते असं नाही." मी घरी येईपर्यंत त्याच्यावर विचार केला. ज्या मुळीवरून तू या घराचा उंबरा सोडलास आणि मी मनातून थोडी फुशारत राहिले, ती काही करतच नव्हती. हसू आलं आणि मग आलं नाही.

आता तुला जे म्हणायचं ते म्हण. फेबियनमार्फत नको, तोंडावर म्हण. मी इथेच भांडी घासतेय.

कार्मिन


गास, १६ ऑक्टोबर

ज्युलिएट बाय,

तू हॉस्पिटलात आहेस, मी सुकेळ्यांवर नजर ठेवून ओसरीवर बसलेय, म्हणून लिहिते. फेबियन डब्याबरोबर देईल.

त्या दिवशी ट्रे बाहेर आला, चहा संपलेला, पत्र नाही. मग तू मागच्या दाराने विहिरीवर गेलीस आणि बराच वेळ उभी राहिलीस. मी फेबियनला मागे पाठवला, कारण मला भीती वाटली. तू परत आलीस, माळ्यावरून लग्नातलं मोठं पातेलं काढायला लावलंस आणि पाणी भरून गॅसवर चढवलंस. तेव्हापासून या घरातला गॅस विझत नाही. दात घासायला उकळलेलं पाणी, भाजी धुवायला उकळलेलं पाणी. काल फेबियन मला विचारत होता, आंघोळीच्या वेळी तोंड मिटून ठेवायचं का ते ज्युलिएटला विचारू का.

आणि रविवारी तू भांडी लावता लावता म्हणालीस, "झाकण ठेव त्याच्यावर." भोवती फेबियन नव्हता. मला कळायला वेळ लागला की ते मला म्हटलंयस. मी झाकण ठेवलं. त्यावर बोलले नाही, म्हटलं उगाच परत गप्प व्हायचीस.

आजचा रिपोर्ट फेबियनने फोनवर वाचून दाखवला. कावीळ उतरणीला लागली. रक्त गोठायला हवं तसं गोठतंय. बाळाचे ठोके नीट. मॅडम म्हणाल्या, धोका टळला असं म्हणायला आता हरकत नाही, या आठवड्यात घरी न्या. त्याने दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा मी म्हटलं, पुरे, मला बसू दे. मग मी बसले आणि ओसरीवर एकटीच मोठ्याने हसले. शेजारची कुत्री उठून गेली.

एवढ्या आनंदात एक खुपतंय ते सांगते. रविवारी लोक अजून येतात. फेबियन दारात सांगतो, कार्मिनला बरं नाही. लोक बिचारे मलाच प्रार्थना देऊन जातात. विहिरीवर पत्रा टाकलाय, पावडर टाकलीय, टाकीवाल्यांना नोटीस गेलीय, हे सगळं झालं. पण मागे ज्यांनी इथला घोट घेतला त्यांना प्रिन्सी शोधतेय, आणि अर्धे तिला सापडत नाहीत. मी नाव कधी विचारलंच नाही कोणाला. त्यांना सांगायचं तर इथेच, या अंगणात सांगायला हवं, कारण आजारी पडले की ते इथेच येणार. त्यांत कोणी ब्रिटनीसारखी असेल.

माझं धाडस होत नाही. गावातले रॉबर्टकाका परवा चर्चबाहेर सर्वांदेखत म्हणाले, "पिढ्यांचं औषध असं बंद पाडायचं नसतं. लेकीने एकवेळ पाडावं, सुनेने नाही." मी सून आहे, बाय. खरं बोलले तर विष पाजलंस म्हणतील, आणि खोटं बोलतेय तर लोक वाट बघत बसलेत. देव साक्षी, मी दर रविवारी पहाटे पांघरुणात डोकं घालून पडून राहते. साठी उलटलेली बाई.

डब्यात मुगाचं वरण आहे, बिनफोडणीचं. तू तुझ्यासाठी वेगळं लोणचं मागू नकोस, तुझ्याही डॉक्टरने मनाई केलीय.

कार्मिन


गास, २६ नोव्हेंबर

ज्युलिएट बाय,

आता पाचूबंदरच्या पत्त्यावर लिहायला गंमत वाटते. फोन केला असता, तू हल्ली उचलतेस. पण नात उठली की तू "थांब" म्हणून ठेवतेस आणि मग विसरतेस. मला हे सलग सांगायचंय.

बाळ कसं आहे? तिचं नाक तुझ्यावर गेलंय, रोझलीन काही म्हणो. ती म्हणते, "आमच्या क्लेटनचंच नाक," पण क्लेटनचं नाक दारातून आधी येतं, मग तो येतो. ब्रिटनीला म्हणावं रक्त तपासायची तारीख चुकवू नकोस. आणि तिला झोपू दे जरा.

परवाच्या रविवारबद्दल लिहायचंय. तू शनिवारी लाडवांचं सामान न्यायला आलीस, उशीर झाला म्हणून राहिलीस. पहाटे अंगणात पावलं वाजायला लागली तशी मी नेहमीसारखी पांघरूण डोक्यावर ओढून पडले. मग मागच्या खोलीचं दार वाजलं. तुझ्या सपाता ओसरीकडे जाताना ऐकू आल्या आणि मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. तू माझ्याकडे पाठ करून होतीस, म्हणून मला जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही.

फेबियन दारात उभा होता, "कार्मिनला बरं..." इथपर्यंत म्हणाला होता. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलंस आणि आईच्या खुर्चीत बसलीस. रॉबर्टकाका नातवाला घेऊन रांगेत होते. ते मागच्यांना म्हणाले, "घरची लेक आली. आता मिळेल औषध." मला वाटलं, हीच वेळ. इतकी वर्षं तुला जी खुर्ची हवी होती ती मिळाली, समोर माणसं, आणि तुझ्या लेकीला ज्या हाताने ते पाणी पाजलं तो हात भिंतीपलीकडे. मी म्हटलं, तिचा हक्क आहे, तिला म्हणू दे.

तू म्हणालीस, "औषध बंद झालं. माझ्या आईचं होतं, मी बंद करतेय. आमच्या विहिरीत घाण उतरली आणि आम्हाला कळली नाही. ते पाणी आम्ही तुम्हाला पाजलं. माझ्या लेकीलाही पाजलं, ती पोटुशी होती, मरता मरता वाचली. ज्याने इथला घोट घेतलाय त्याने आजच आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. पाणी उकळून प्या. आणि घरात पोटुशी बाई असेल तर कोणाची वाट बघू नका, तिला आधी न्या."

रॉबर्टकाका नातवाचा हात धरून पुढे आले. ते म्हणाले, "पण लेकी, पाजलं कोणी?"

तू म्हणालीस, "या घराने."

त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे कोणी?"

"सांगितलं ना काका. या घराने."

मी खिडकीचा गज धरून माझ्या नावाची वाट बघत होते, बाय. ते आलं नाही. तुझा भाऊ खांबाकडे तोंड करून उभा होता, तोही ऐकत होता, आणि त्याच्या पाठीवरून मला कळत होतं की तो रडतोय.

मग रांगेतली मागची एक मुलगी पुढे आली, सोपाऱ्याच्या चाळीतली, लाल ड्रेसवाली. नवऱ्याला घेऊन आली होती, त्याचे डोळे पिवळे. ती म्हणाली, "आंटी, मला सातवा चालू आहे. आम्ही दोघं एकच पाणी पितो. मी पण चेक करू का?" तू उठलीस. तिचा हात धरलास आणि तिला फेबियनच्या फुलांच्या टेम्पोत पुढे बसवलंस. नवरा मागे पाट्यांमध्ये. फेबियन नाक पुसत किल्ली शोधत होता. तू म्हणालीस, "नंतर रड, आधी गाडी काढ." त्यांच्यामागे बरेच जण निघाले. काही शिव्या देत निघाले, तेही बरोबरच आहे.

प्रिन्सीचा आज फोन आला. त्या मुलीला लागण झालेलीच आहे, पण वेळेत आली. दाखल केलंय, लक्ष ठेवून आहेत, आजपर्यंत सगळं ठीक. प्रिन्सी विचारत होती, "काकी, तिला पाठवलं कोणी?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेने." एवढं म्हणताना मला कोण आनंद झाला.

तू टेम्पो गेल्यावर आत आलीस तेव्हा मी ओट्याकडे तोंड करून लाडू वळत होते आणि वळून बघितलं नाही. तुला वाटलं असेल मी कामात आहे. मी रडत होते. तू "डिंक जास्त झालाय" म्हणालीस आणि माझ्या शेजारी उभी राहून वळायला लागलीस, ते बरं केलंस.

लाडू फेबियनबरोबर पाठवतेय. वरचे तुझे आहेत, खालचे माझे. खालचे थोडे खारट लागले तर ब्रिटनीला काही बोलू नकोस.

तुझी,
कार्मिन